शेवट आधी वाचणारे भास्करपंत

भास्करपंत देशपांडे कादंबरी वाचायला न्यायचे, पण पुरी न्यायचे नाहीत. शेवटचा फर्मा, म्हणजे अखेरची सोळा पानं, माझ्या दुकानात ठेवून जायचे आणि जाताना बजावायचे, "हमीदभाई, हे तुम्ही वाचा. दोघं भेटले असतील तर मला सांगा. नसतील तर हे पुस्तक मी बघितलंच नाही."

माझं जिल्दसाजीचं दुकान गुलमंडीच्या मागच्या बोळात. वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायला माझ्याकडं यायची. जुनी शिवण उसवून, फर्मे मोकळे करून मी त्यांच्या चळती लावायचो. नेमकं त्या वेळी पंत यायचे. पुस्तक एकदा बांधलं की शेवट त्याला चिकटला, मग पंतांच्या उपयोगाचं नाही.

आता माझी विद्या किती, तर दुसरी. तीही निजामाच्या शाळेत, उर्दूत. मराठी अक्षरं मी खळ लावता लावता शिकलो. जोडाक्षर आलं की मी थांबायचो, त्याला चारी बाजूंनी बघायचो, मग पुढं. सोळा पानांना मला आठ दिवस लागायचे. ते आठ दिवस पंत कचेरीतून सुटले की दुकानाच्या पायरीशी उभे. आत यायचे नाहीत. मफलर घट्ट आवळायचे आणि विचारायचे, "भेटले का?"

"अजून घोड्यावरच आहे तो."

"घोडा बरा आहे ना? पाण्यात नाही ना घातला?"

वाचायचे ते एकाच जातीचं. जुना काळ पायजे. लढाईत ताटातूट झालेली पायजे. पुन्हा बारा वर्षांनी शिलेदारानं दारात घोडा उभा केला पायजे, आणि बाईनं त्याला ओळखलं पायजे. मधल्या बारा वर्षांत पंतांचे हाल कुत्रं खात नसे. नायिका दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधेरीच्या भुयारात शिरली की पंत पुस्तक मिटून डाळीच्या डब्यात घालायचे आणि वर झाकण लावायचे. मी एकदा हसलो. म्हणाले, "हसा. पण एखादा माणूस परत येत नाही, त्यात काय असतं हे तुम्हाला ठाऊक नाही." मी त्याचा अर्थ लावायला गेलो नाही. मला चूकच दिसली नाही त्यांची. भीती आमच्या घरातही होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर वडलांनी चार महिने दुकानाची फळी उघडली नव्हती. दारावर थाप पडली की आई चूल विझवायची. आमची भीती मात्र हळूहळू विरली. पंतांची वाढत गेली.

माझी शिवण पन्नास वर्षांत सुटली नाही, हे या गावात कुणालाही विचारा. पण एक चूक झाली, ती आज लिहून टाकतो. एकदा दोन कादंबऱ्या एकदम बांधायला आल्या. एक यादवांच्या वेळची, तिच्यात शिलेदार मरतो. दुसरी पेशवाईतली, तिच्यात भेट होते. मी शेवटचे फर्मे वाचून ठेवले आणि बांधताना ह्याचा त्याला शिवला. पंतांना सांगून बसलो होतो की यादवांच्या पुस्तकात मरण आहे. पण आतून भेटीचा वास आल्यागत त्यांनी ते बांधलेलं पुस्तक उघडलं आणि पुरं वाचलं. देवगिरीची बाई तुळशीपाशी रडत असताना पान उलटलं, तर शनिवारवाड्यासमोर रिसालदाराच्या पायावर डोकं ठेवून हसत होती.

मला वाटलं आता शिव्या बसणार. पंत आले ते डोळे पुसत.

"चारशे वर्षं वाट बघितली हो तिनं. एवढी वाट कोण बघतं?"

"पंत, नावं पण निराळी आहेत दोघांची."

"लढाईत माणसं नाव बदलतात," पंत म्हणाले आणि पुस्तक छातीशी धरून निघून गेले.

वाचनालयाची तक्रार आली. मी छापखान्याची चूक म्हणून सांगितलं आणि त्या शब्दावरून आजवर हललो नव्हतो.

पंत एकटे राहायचे. दर पुनवेला कचेरीतून रजा काढून पैठणला नाथांच्या दर्शनाला जायचे, असं ते सांगायचे आणि आम्ही मानायचो. बायको माहेरी आहे एवढं बोळाला ठाऊक होतं. का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती, कारण विचारलं की पंत पांढरे पडायचे.

मग एका शुक्रवारी ते पायरी चढून थेट आत आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. हातात बंद लिफाफा. माझ्यापुढं खळीच्या भांड्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, "शेवट वाचा."

मी म्हणालो, हे घरचं पत्र आहे, मी परका माणूस. त्यांनी लिफाफाच पुढं सारला. मी दाभणानं लिफाफा फोडला. त्या दिवशी जोडाक्षरांनी माझा जीव घेतला. एवढं भिऊन मी कधी वाचलं नाही. एक अक्षर चुकलं तर माणूस बुडेल असं वाटत होतं. पत्र पंतांच्या मेहुण्याचं होतं. त्याची बदली पुण्याला झाली होती, सोमवारी बिऱ्हाड हलणार होतं. ताई आमच्याबरोबर येईल, लिहिलं होतं, त्याआधी तुम्ही आला नाहीत तर तुमच्या मनात नाही असं आम्ही धरू, आणि पुन्हा लिहिणार नाही.

पंतांनी नेहमीचंच विचारलं. "भेटले का?"

"हा फर्मा अजून छापला नाही, पंत."

ते कातडीच्या तुकड्यांवर बसले आणि पहिल्यांदा सांगू लागले. रझाकारांच्या धामधुमीत ते निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकात नाक्यावर, कारकून होते. नाका गंगेच्या काठाला. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजी मुलूख, तिथंच वहिनींचं माहेर. गावं जळू लागली तेव्हा पंतांनी वहिनींना नावेत बसवलं. नाव भरली होती, त्यांना जागा नव्हती. येतो पुढच्या खेपेला, म्हणाले. पुढची खेप आलीच नाही. नाव बंद झाली. पुढं फौजा आल्या, निजाम गेला, नाका गेला, सरहद्द गेली.

"मग तर रस्ता मोकळाच झाला," मी म्हणालो.

"तेच तर," पंत म्हणाले. "अडवणारं कुणी उरलं नाही. मग सांगायचं काय?"

मी त्यांना सांगितलं, रविवारी पहिली मोटार पकडायची, आणि मी बरोबर येतोय. माझी बायको म्हणाली, पलीकडं अनोळखी गावात टोपी घालून कशाला जाता. मी टोपी घालूनच गेलो. पण खरं सांगतो, मोटारीत पंतांइतकाच मीही भ्यालो होतो.

घाटावर नावाडी नाव लोटत होता. म्हातारा, उघडाबंब. त्यानं पंतांना बघितलं आणि ओळखीचं हसला.

"आज पुनव नाय, मालक. तरी आलाव? बसायचं हाय का नुस्तं बघायचं?"

मी पंतांकडं बघितलं. ते नदीकडं बघत होते. नावाडीच मला सांगू लागला. हे दर पुनवेला येतेत, त्या खडकावर बसतेत, तिन्हीसांजेला उठून जातेत. लई वर्षं झाली. इचारलं तर म्हनतेत, पुढच्या खेपंला.

म्हणजे पैठणचे नाथ हे असे.

मी त्यांचा दंड धरला, नावेत बसवलं आणि शेजारी बसलो. नाव मध्ये गेली तेव्हा पंतांनी दोन्ही हातांनी काठ आवळला होता. पाणी संथ होतं.

पलीकडच्या घाटावर एक बाई राखेनं मोठमोठी पातेली घासत होती. बिऱ्हाड हलवायच्या आदल्या दिवसाची कामं. वर गावाच्या तोंडाशी सामानाची गाडी उभी दिसत होती. नाव टेकली तशी बाईनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. हात थांबला नाही. मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

पंत उतरले. पाण्यातच उभे राहिले, धोतर भिजत होतं. मला वाटलं आता हा माणूस वळतो आणि नावेत येऊन बसतो. 

"अगं," ते म्हणाले. खाली पाण्यात बघितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी नावेत जागा होती."

बाई घासत होत्या.

"नावाडी बसा म्हणत होता. मी भ्यालो. पलीकडं नोकरी नाही, कुणाची ओळख नाही. अलीकडं मरण, पण ओळखीचं. तुला जागा नाही म्हणून सांगितलं."

मला हे ठाऊक नव्हतं. मलाही त्यांनी दुसरंच सांगितलं होतं. मी टोपी काढून हातात घेतली.

वहिनींनी पातेलं खाली ठेवलं.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मी त्या जागेच्या शेजारीच बसले होते. मागून कुणी बसू नये म्हणून पलीकडं येईस्तोवर तिच्यावर हात ठेवला होता."

  पंत गुडघ्यावर बसले, राखेनं माखलेलं एक पातेलं ओढून घेतलं आणि पाण्यात धरून विसळायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. वहिनी घासून पुढं सारत, हे विसळून खडकावर पालथं घालत. अशी सहा पातेली झाली.  नावाडी विडी ओढत बघत होता. मीही बघत होतो, आणि मनात म्हणत होतो, बाई, काहीतरी बोला, नाहीतर हा माणूस इथंच संपेल.

सहावं पातेलं पालथं झालं तेव्हा वहिनी उठल्या, पदराला हात पुसले.

"ही सगळी दादाची आहेत," त्या म्हणाल्या. "माझी एक ट्रंक आहे तेवढी."

आणि वर गेल्या. थोड्या वेळानं मेहुणा ट्रंक खांद्यावर घेऊन उतरला. पंतांकडं त्यानं बघितलं नाही, पण ट्रंक नावेत नीट, पाणी लागणार नाही अशी ठेवली. वहिनी फळीवर बसल्या. पंत काठावर उभे. 

"बसा, मालक," नावाडी म्हणाला.

पंत बसले.

नावाडी माझ्याकडं वळला आणि तुम्ही पण या म्हणाला. नावेत जागा भरपूर होती, चार माणसं आरामात बसली असती. मी त्याला म्हणालो, तू जा. मी पुढच्या खेपेला येतो.