फिरकीचा तांब्या फ्रान्सला जातो

"फ्रान्स बघायला व्हिसा कशाला लागतो?" प्रल्हादराव ढवळ्यांनी शुक्रवारी फोनवर जाहीर केलं. "मी उद्या सकाळी चाललोय. दुपारी जेवायला घरी!"

फोनच्या दुसऱ्या टोकाला त्यांचे पुण्याचे मित्र रवींद्र दामले होते. ते मुलाच्या कृपेने खरं पॅरिस बघून आले होते आणि तेव्हापासून चहालासुद्धा नावं ठेवत होते.

"प्रल्हाद, तू अमेरिकेत आहेस. मध्ये अख्खा समुद्र आहे!"

"असू दे. मी समुद्राच्या अलीकडचं फ्रान्स बघतोय."

हे अलीकडचं फ्रान्स म्हणजे सेंट ओडिल. सेंट लुईस शहराच्या कडेला, प्रल्हादरावांच्या मुलीच्या, म्हणजे अदितीच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवरचं गाव. कोणे एके काळी फ्रेंच लोकांनी वसवलेलं. आता तिथे फ्रेंच बोलणारं कोणी उरलं नव्हतं. पण रस्त्यांची नावं फ्रेंच होती, काही घरं जुनी फ्रेंच होती आणि एका जुन्या घरात फुकटात बघायला मिळणारं म्युझियम होतं. अदितीनेच सुचवलं होतं, "बाबा, घरात बसून राहता. जरा बघून तरी या!"

खरं फ्रान्स ठरलेलं होतं. तिकिटं काढून झाली होती. मालिनीबाईंनी, म्हणजे प्रल्हादरावांच्या बायकोने, थंडीसाठी नवीन मोजे घेतले होते आणि प्रवासाचा तांब्या चिंचेने घासून लख्ख करून ठेवला होता. मग त्या गेल्या. तिकिटं कॅन्सल केली. तांब्या मात्र प्रल्हादरावांनी बॅगेत घालून अमेरिकेला आणला. पितळेचा, वर फिरकीचं झाकण, धरायला कडी. मालिनीबाईंच्या आईने लग्नात दिलेला. मालिनीबाई त्याच्याशिवाय कधी एसटीत चढल्या नाहीत की विमानात. एअरपोर्टवर सिक्युरिटीवाल्यांनी तो असा काही तपासला होता, जणू आत दारूगोळाच आहे!

"तांब्या घरी ठेवा ना, बाबा," शनिवारी निघताना अदिती म्हणाली. "इथे जागोजागी पाणी मिळतं."

"तो फ्रान्सला जाणार होता. जाऊ दे की त्याला," प्रल्हादराव म्हणाले. अदितीने गाडी काढली.

अनिकाची, म्हणजे नातीची, शेजारच्या गावात सॉकरची मॅच होती. अदितीने वडिलांना सेंट ओडिलच्या चौकात उतरवलं. "म्युझियम जवळच आहे. हरवू नका हं!"

"मी? उभा जन्म एसटीत काढलाय मी. महाराष्ट्रात एक फाटा असा नाही जिथे मी उतरलो नाही. मला हरवून दाखव!"

गाव शांत होतं. इतकं शांत, की प्रल्हादरावांना वाटलं, आज इथे बंद आहे की काय! फ्रेंच बेकरीला टाळं. चर्चबाहेर एक कुत्रा झोपलेला. हिरवळ कापणारा एक मनुष्य दिसला. प्रल्हादरावांनी कमरेत वाकून त्याला "बोंजूर!" केलं. त्याने मशीन बंद केलं, कानातले हेडफोन काढले आणि विचारलं, "पिझ्झा आणलात का?"

पुढच्या कोपऱ्यावर त्यांना बाण दिसला. पाटीवरची अक्षरं हायड्रेंजियाच्या झुडपात गेली होती, बाण तेवढा बाहेर होता. बाणाच्या दिशेला एक जुनं दुमजली घर, दार उघडं, लोक आत चाललेले. म्युझियम! आणि केवढी गर्दी! दामल्याला फोटो पाठवलाच पाहिजे.

पायरी चढून ते पोर्चवर गेले. आणि दुसऱ्याच्या घराच्या दारात आपण सगळे जे करतो, ते त्यांनी केलं. बूट काढले. मुलीने घेऊन दिलेले नवे कोरे पांढरे बूट भिंतीला टेकवून नीट ठेवले. म्युझियममध्ये पाणी नेऊ देत नाहीत हे त्यांना मुंबईच्या म्युझियमपासून ठाऊक होतं, म्हणून तांब्याही बुटांशेजारी ठेवला. मग हात पाठीमागे बांधून ते मोज्यांवर आत गेले.

म्युझियम फर्स्ट क्लास होतं! सगळ्या वस्तूंना छोटे कागद लावलेले. कपबश्या, दिवे, पडदे, पोळपाटाएवढं घड्याळ. काय ती व्यवस्था! आपल्याकडे तलवारीखाली सुद्धा धड चिठ्ठी नसते. एवढ्यात एका बाईने टेबलावरचा दिवा उचलला आणि काखेत मारला.

"मॅडम! नो टचिंग!" प्रल्हादराव म्हणाले.

बाई दचकली. तिने दिवा ठेवला. प्रल्हादरावांना बरं वाटलं. जिन्याशी दोन बहिणी चमचे पर्समध्ये घालताना दिसल्या. त्यांनाही त्यांनी दटावलं. त्यांनी मुकाट्याने चमचे परत ठेवले. रिटायर झाल्यापासून इतकं त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं!

मग एक सहा फुटी जवान डोक्यावर खुर्ची घेऊन सरळ दाराकडे निघाला.

"स्टॉप! थीफ!" प्रल्हादराव धावले. मोज्यांमुळे ते धावण्याऐवजी घसरले आणि थेट खुर्चीच्या पायाला जाऊन लटकले. जवान खुर्ची ओढतोय, प्रल्हादराव पाय सोडत नाहीत, दोन्ही बहिणी किंचाळतायत आणि दिवेवाली बाई व्हिडिओ काढतेय!

"सर! सर! लेट गो!" गळ्यात बिल्ला घातलेली एक दणकट बाई मध्ये पडली. बिल्ल्यावर जॅनिस असं नाव होतं. "त्याने ती विकत घेतलीय!"

"म्युझियममधली?"

"कसलं म्युझियम? ते पलीकडच्या गल्लीत. हा इस्टेट सेल आहे." प्रल्हादरावांचा चेहरा बघून तिने समजावलं. "या घराची मालकीण वारली. ओडेट. मुलं लांब असतात, त्यांना सामान नकोय. म्हणून घरातलं सगळं विकतोय. लोक येतात, हवं ते घेऊन जातात."

प्रल्हादरावांनी खुर्चीचा पाय सोडला. त्यांनी आजूबाजूला बघितलं. मगाशी जे म्युझियम होतं ते आता एका बाईचं स्वयंपाकघर झालं होतं. झारा सुद्धा विकायला. पुण्याच्या घरी मालिनीचं कपाट अजून तसंच होतं. त्याची किल्ली प्रल्हादराव खिशात घेऊन फिरत. ते सगळ्यांना "सॉरी, सॉरी" म्हणत घाईघाईने बाहेर आले.

पोर्चवर बूट नव्हते.

तांब्याही नव्हता.

"जॅनिस मॅडम!" प्रल्हादरावांचा आवाज चिरकला. "माझे शूज! माझा पॉट! इथे होता!"

"तो सुंदर ब्रासचा पॉट? तुमचा होता?" जॅनिसने तोंडावर हात ठेवला. "ओह नो! पोर्चवरचं सगळं विकायला असतं. मिस्टर बोशांनी आल्याआल्या तोच उचलला. किमतीचा कागद नव्हता, मग मीच अंदाजाने विकला."

"आणि बूट?"

"बूट..." ती खाली बघत म्हणाली, "पॉटवर फ्री दिले."

नवे कोरे बूट! तांब्यावर फुकट! पण आत्ता बुटांचं दुःख करायला वेळ नव्हता. तांब्या गेला तर मालिनीला काय सांगायचं? तिला सांगायचा प्रश्नच उरलेला नाही, हे त्यांना नेहमीप्रमाणे एक क्षण उशिरा आठवलं.

"बोशां कुठे राहतात?"

"शेजारीच. निळ्या खिडक्या. पण सर, असे मोज्यांवर नका जाऊ, रस्त्यावर खडी आहे!" जॅनिस आत धावली आणि त्यांच्या पायाला होतील अशी एकच गोष्ट घेऊन आली. गुलाबी सपाता. त्यांवर सशासारखी लव आणि पुढे एकेक गोंडा.

त्याच वेळी अदितीची गाडी वळणावर आली. मॅच लवकर संपली होती. तिने काच खाली केली, वडिलांना डोक्यापासून बघायला सुरुवात केली आणि पायांशी येऊन थांबली.

"बाबा. हे काय आहे?"

"सांगतो. आधी गाडीतून उतर. तुझ्या आईचा तांब्या विकला गेलाय."

"काय? कोणी विकला?"

"जवळजवळ मीच."

मागच्या सीटवरून अनिका ओरडली, "आजोबा, आय लव्ह युअर शूज!"

चालता चालता प्रल्हादरावांनी सगळं सांगितलं. अदितीने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, तुम्ही बूट काढलेत! अनोळखी घराच्या दारात! अहो, इथे प्लंबर सुद्धा बूट काढत नाही!"

"तुझ्या आईने त्याला काढायला लावले असते!"

आणि ते खरंच होतं.

निळ्या खिडक्यांच्या घरापुढे एक म्हातारा बाकावर बसला होता. ऐंशीच्या पुढचा, काटकुळा, इस्त्रीचा शर्ट. पायात पांढरे नवे बूट. मांडीवर तांब्या. आणि तो मुलाला थोपटावं तसा तांब्याला थोपटत होता.

"मिस्टर बोशां?" प्रल्हादराव म्हणाले. "मिस्टेक झालीय. तो पॉट माझा आहे. बूट पण माझे. बूट राहू देत. पॉट द्या."

"अशक्य!" बोशांनी तांब्या छातीशी धरला. "हा ओडेटचा आहे! मी तिचा शेजारी आहे. तिचा नवरा गेल्यापासून रोज सकाळी ती खिडकीतल्या फुलांना याच्यातूनच पाणी घालायची. मी इथून बघायचो."

"झाकण लावून?" अनिकाने विचारलं.

"अनिका!" अदिती म्हणाली.

"सर," प्रल्हादराव शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, "बाजूला बघा. नाव घातलंय. आमच्यात भांड्यावर नाव घालतात, शेजारणीकडे गेलेलं भांडं परत यावं म्हणून." आणि त्यांनी ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांवर बोट ठेवून वाचलं, "सौ. मालिनी प्रल्हाद ढवळे."

बोशांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे ओडेटचंच अक्षर आहे," ते ठामपणे म्हणाले. "तिचं अक्षर कुणालाच लागायचं नाही."

अदिती वडिलांच्या कानाशी आली. "बाबा, पोलिसांना बोलावू का? सरळ प्रूव्ह होईल."

प्रल्हादरावांनी बोशांकडे बघितलं. म्हाताऱ्याची पकड घट्ट होती. ही पकड प्रल्हादरावांच्या ओळखीची होती. खिशातल्या किल्लीवर ती रोज असायची.

"पोलीस नको," ते मराठीत म्हणाले. "याचंही माणूस गेलंय गं. फक्त याला तसं म्हणायचा अधिकार नाही, एवढंच. शेजारी ना तो. लोक त्याला भेटायला आले नसतील."

"मग तांब्या सोडून द्यायचा? आईचा?"

 द्यायचा तर आपला जीव जातो, ओढून घ्यायचा तर त्याचा जातो! प्रल्हादराव नुसते उभे राहिले, सपातांचे गोंडे वाऱ्यावर हलवत.

आणि बोशांची नजर तिथे गेली.

"त्या," म्हातारा हळूच म्हणाला, "त्या तुमच्या पायात कशा?"

"जॅनिसने दिल्या. आतल्या आहेत. ओडेटबाईंच्या."

"रोज सकाळी," बोशां म्हणाले, "या घालून ती पेपर उचलायला बाहेर यायची. मी म्हणायचो, ओडेट, तुझे ससे आले. ती म्हणायची, जॉर्ज, तुझं डोकं फिरलंय. बस. एवढंच बोलायचो आम्ही. रोज." त्यांनी मांडीवरच्या तांब्याकडे परक्यासारखं बघितलं. "फुलांना बहुतेक ती प्लॅस्टिकच्या जगने पाणी घालायची. हिरव्या. पण तो सकाळीच कोणीतरी नेला. मग पोर्चवर हा दिसला. मला काहीतरी घ्यायचंच होतं हो. रिकाम्या हाताने कसं परत यायचं?"

प्रल्हादराव खाली वाकले. त्यांनी सपाता काढल्या, एकमेकींवर आपटून खडी झटकली, शर्टाने गोंडे पुसले आणि दोन्ही हातांनी बोशांसमोर धरल्या.

"हे घ्या. ससे."

बोशांनी सपाता घेतल्या. तांब्या दिला. मग वाकून बूट सोडायला लागले. त्यांना गाठ सुटेना, तेव्हा अनिकाने बसून सोडवली. दोन्ही म्हातारे फ्रान्सच्या भररस्त्यात मोज्यांवर उभे राहिले आणि त्यांनी हात मिळवले.

"बाबा," अदिती डोळे पुसत हसली, "आता निघू या. या गावातलं आणखी काही विकायच्या आत."

"थांब गं. उन्हात बसलाय कधीचा. त्याचे ओठ बघ कसे सुकलेत." प्रल्हादरावांनी फिरकी फिरवून झाकण काढलं, आणि पाणी बोशांच्या ओंजळीत ओतायला तांब्या तिरका केला. "मिस्टर बोशां, वॉटर?"

"मेर्सी!" बोशां म्हणाले. सबंध गावात प्रल्हादरावांच्या कानावर पडलेला हा पहिला फ्रेंच शब्द. ते त्या आनंदात असतानाच बोशांनी त्यांच्या हातातून तांब्या घेतला, सरळ तोंडाला लावला आणि गटागटा, शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

 उभ्या संसारात मालिनीबाईंनी नवऱ्याला सुद्धा त्या तांब्याला तोंड लावू दिलं नव्हतं. तापात सुद्धा वरून प्यायला लावलं होतं!

प्रल्हादरावांनी रिकामा तांब्या परत घेतला. इकडेतिकडे बघितलं. मग मान वर करून, आभाळाकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "घासून ठेवतो गं!"