वैशाखातली हुडहुडी

पेनगंगेकाठच्या त्या गावातला हिवताप नाहीसा झाला आणि हिवताप संशोधन केंद्राचा खुशाल नावाचा कारकून काळजीत पडला.

केंद्र सरकारी अनुदानावर चाले. रोग्यांना नवे औषध द्यायचे, गुण आला की हैदराबादेच्या मुख्य कचेरीला कळवायचे आणि पुढच्या सालची मंजुरी आणायची. पण औषध नको तितके गुणकारी निघाले. खाटांवर मांजरे झोपू लागली. रोगी नाहीत तर अनुदान नाही आणि अनुदान नाही तर खुशालची हंगामी नोकरीही नाही. त्यातच डॉक्टर ट्रेनिंगला गेलेले असताना निरोप आला, उद्या हैदराबादेहून मोठे साहेब तपासणीला येणार.

खुशालने बाबारावांचा ओटा गाठला. गावात या माणसाइतका हिवताप कोणी भोगला नव्हता.

"काका, उद्या चार जण घेऊन या अन् खाटंवर पडा. साहेब गेला का उठा."

"काऊन? आमाले तं काईच नाई झालं."

"तेच तं दुखणं हाये. तुमी बरे झाले अन् माह्या पोटावर पाय आला."

बाबारावांना ते मनापासून पटले. त्यांनी विडी विझवली. "मंग घोंगडं आणू का गोधडी?"

दुसऱ्या दिवशी चौघांच्या जागी अर्धे गाव आले. बाबारावांच्याच भाऊबंदांना खाटा का, म्हणून बाकीचे रुसले आणि व्हरांड्यात आडवे झाले. बाहेर वैशाखाचे ऊन रणरणत होते. जीप दिसताच सगळ्यांना एकदम हुडहुडी भरली. दात तर असे वाजू लागले की खुशालला अभिमान वाटला.

साहेब खूश दिसले. मग त्यांनी खिशातून थर्मामीटर काढले.

केंद्रातले थर्मामीटर केव्हाच फुटले होते, नव्याची मागणी हैदराबादेहून परत आली होती, आणि ताप मोजतात हेच खुशाल विसरून गेला होता.

बाबारावांना ताप नव्हता. शेजारच्याला नव्हता. व्हरांड्यातही कोणाला नव्हता.

"किसी को बुखार नहीं है," साहेब म्हणाले.

खुशालने सगळे कबूल करायचे ठरवले. "साहब, गलती मेरी है. ये लोग..."

"चुप रहो." साहेब बाबारावांवर वाकले. "कब से काँप रहे हो?"

"जीप दिसली तवापासून," बाबारावांनी खरे तेच सांगितले.

साहेबांना मराठी येत नव्हती. घामाने निथळत थरथरणाऱ्या त्या माणसांकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "बिना बुखार का मलेरिया. ये तो किसी किताब में नहीं है."

महिन्याभरात मंजुरी आली. दुप्पट अनुदान, दोन वर्षांची मुदत, पेटीभर थर्मामीटर. अट एकच होती. हेच रोगी रोज तपासून या नव्या रोगावर औषध शोधायचे.

खुशाल पेढे घेऊन ओट्यावर गेला.

"रोज म्हंतं?" बाबारावांनी उन्हाकडे पाहिले. "घोंगडं पांघरून?"

"रोज, काका."

"अन् औषध सापडलं तं?"

खुशालने इकडेतिकडे पाहिले आणि पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

"काका, तुमच्या पाया पडतो. या खेपी बरे होऊ नका."