कडूबाने लग्न खिशातून नेले

संग्रामपूरचे अर्जुनराव नवरदेवाचे मामा होते आणि नवरदेवाला वडील नसल्यामुळे त्या घरात त्यांचाच शब्द चाले. त्या शब्दापायी अमडापूरच्या हिंमतरावांची लेक बेबी लग्नानंतर मांडवपरतणीला माहेरी आली ती माहेरीच राहिली. "मांडवात मले फेटा बांधला नाई," असे मामांचे म्हणणे. "म्या सोताच्या हातानं बांधला," असे हिंमतरावांचे. दोघेही मागे हटेनात. कपडे भरलेली बॅग पलंगाखाली सरकवून बेबी बिचारी रोज वाट पाहत होती.

शेवटी हिंमतरावांनी निरोप धाडला. "आपल्यापाशी शूटिंग हाय ना! रविवारी या म्हणा मामाले. सगळ्यायसमोर सीडी लावतो. फेटा दिसला का पोरगी घेऊन जा."

हे ऐकून लग्नाचा शूटिंगवाला कडूबा हबकला. मामांना फेटा बांधला तेव्हा तो पंगतीत होता. जिलेबी संपत आली असे आचाऱ्याने सांगितल्यावर कॅमेरा खुर्चीवर ठेवून तो जेवायला बसला होता, आणि कोणताही शहाणा माणूस तेच करेल. बाकीच्यांचे फेटे त्याने आधी टिपले होते. मामांचा तेवढा राहिला. त्या जागी दोन लाल बदाम गरगर फिरत येतील अशी सोय त्याने करून ठेवली. बदामांच्या नादात लोक फेटा विसरतील, अशी त्याला भाबडी आशा होती.

कडूबाच्या कॉम्प्युटरवर एडिटिंग व्हायचे, पण सीडी निघायची नाही. तिच्यासाठी चिखलीला मोतीरामच्या स्टुडिओत जावे लागे. आजवर तो अख्खा सीपीयू गोधडीत गुंडाळून, काळीपिवळी जीपमध्ये मांडीवर घेऊन जायचा. शेजारी बसलेली बाई हमखास विचारायची, "लेकरू बिमार हाय का?" या प्रश्नाला कंटाळून त्याने यंदा पेन ड्राइव्ह घेतला. प्रोजेक्ट कॉपी करायला लावला आणि बोट उचलायच्या आत काम झाले. एवढे मोठे लग्न इतक्या चटकन कसे मावले याचे त्याला नवल वाटले. शंका मात्र आली नाही.

आता प्रोजेक्ट म्हणजे नुसता हुकूम असतो. आधी ही नावे दाखव, मग 'हळद' दाखव, मग 'मांडव', मग 'फेटे'. खरे शूटिंग वेगळे, आणि ते कडूबाच्या घरीच राहिले होते. मोतीरामच्या कॉम्प्युटरला ते सापडले नसते तर त्याने तक्रार तरी केली असती. पण कडूबा हे काम शिकला मोतीरामकडेच. गुरूने शिकवल्याप्रमाणे दोघेही प्रत्येक लग्न 'लग्न' याच फोल्डरात, त्याच नावांनी भरत. त्यामुळे त्या कॉम्प्युटरला हळद सापडली, मांडव सापडला, फेटेही सापडले. फक्त ते सगळे रोहिणखेडच्या एका लग्नातले होते.

"एकडाव पाहून घे बे पुरी," मोतीराम म्हणाला.

"टाइम कुठी हाय? लाईन जाईन आता. तू काढ."

सुरुवातीला बेबीचे आणि जावयाचे नाव झळकले. तेवढे पाहून कडूबा सीडी घेऊन निघाला.

रविवारी हिंमतरावांची बैठक गच्च भरली. मामा पुढच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले. जावयाला त्यांनी मुद्दाम घरीच ठेवले होते. सीडी सुरू झाली, नावे आली, टाळ्या झाल्या. मग हळद आली. नवरी डोळ्यांपर्यंत माखलेली.

"कशी दिसून राह्यली माय माही बेबी!" बेबीची आत्या मंजुळाबाई डोळे पुसू लागली. "अन् हे कोपऱ्यात मी."

कोपऱ्यात रोहिणखेडची कोणी बाई उभी होती. हे आपले शूटिंग नाही, हे कडूबाने ओळखले. दारात उभ्या असलेल्या बेबीने एकदा टीव्हीकडे पाहिले, एकदा कडूबाकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला.

"मांडव गुलाबी काऊन दिसून राह्यला रे?" हिंमतरावांनी विचारले. "आपला तं निळा होता."

"टीव्हीचा कलर बिघडला असंन, काका," कडूबा कसाबसा म्हणाला.

पुढे काही म्हणायच्या आत फेटे सुरू झाले. पांढऱ्या सदऱ्यातला एक जाडजूड माणूस पाठमोरा बसला होता आणि त्याच्या डोक्यावर फेट्याचे वेढे पडत होते. मग दोन लाल बदाम गरगरत आले आणि त्याला झाकून गेले.

हिंमतराव ताडकन उठले. "हे पाहा! मामा! पाहून घ्या सगळे! बांधला का नाई फेटा?"

"हाव, मामाच हायेत," मंजुळाबाई म्हणाली. "पाठ तेच हाय."

मामा खुर्चीतून उडाले. "हे होऊच नाई शकत! मले फेटा बांधला तवा हा कडूबा कुठी होता? पंगतीत! जिलेबी खाऊन राह्यला होता! म्या माह्या डोयानं पाह्यलं!"



"तवा म्हंजे कवा, मामा?" हिंमतरावांनी हळूच विचारले.

मामा खाली बसले आणि रुमालाने कपाळ पुसू लागले. टीव्हीवर रोहिणखेडची नवरी मान वर करणार तोच कडूबाने बटण दाबले. मामांचे हे असे होईल हे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. 

"जिलेबी मात्र चांगली होती तुमची," रुमाल खिशात ठेवत मामा म्हणाले. "चला, पोरीले तयार व्हा म्हणा."

मंजुळाबाई चहा टाकायला धावली. गडबडीत कडूबा सीडी काढू लागला, तशी हिंमतरावांनी ती त्याच्या हातातून घेतली.

"नीट करून आणतो, काका. कलर..."

"कलर गेला खड्ड्यात. हे कपाटात राहीन. पुन्हा कोणी फेट्याचं नाव काढलं तं?"

बॅग घेऊन निघालेली बेबी कडूबापाशी क्षणभर थांबली. मामा पुढे गेल्याची खात्री करून तिने हळूच विचारले, "कडूबादादा, माह्या लग्नाची कवा देता?"