नळाला दोन टपल्या

पाहुणीने बेसिनच्या नळाला हात लावू नये म्हणून कांचनने शेजारी भरलेली बादली आणि तांब्या ठेवला. सरकारी योजनेतल्या घरांचे नळ सगळे एकाच ठेकेदाराने बसवलेले, आणि असे हट्टी की खालून दोन टपल्या खाल्ल्याशिवाय थेंब सोडत नसत. अहल्याबाईंना तर सांगून झालं होतं की फ्लॅट आमच्या हिमतीवर घेतलाय.

"आमचाही मकरपुऱ्याला हिमतीवरचाच," अहल्याबाई म्हणाल्या. मुलासाठी स्थळ म्हणून त्या घर बघायला आल्या होत्या. कांचनची लेक अवंती शेव घातलेले पोहे ठेवते न ठेवते तोच दारात उभी आरोग्य पाहणीवाली दीप्तीबेन, हातात टॅब.

"कांचनबेन, पाचच मिनिटं. पाहणीत तुमच्या घराचा नंबर निघालाय."

बीपी, शुगर सुरळीत पार पडलं.

"घर घ्यायला सरकारची मदत मिळालेली?"

"छे. आमचं आम्ही घेतलं."

गॅलरीत पेपर वाचणाऱ्या तिच्या नवऱ्याने, श्रीकृष्णरावांनी, चष्मा वर केला. "अगं, सरकारी घरांच्या ड्रॉमध्ये नाही का लागलं? तू अख्ख्या गल्लीत पेढे वाटलेस."

अहल्याबाईंचा घास तोंडाशीच थांबला.

"त्यांचं मनावर घेऊ नका," कांचन घाईघाईने म्हणाली. "हल्ली फार विसरतात."

"विसरतात?" दीप्तीबेनने टॅबवर नवं पान उघडलं. "कधीपासून? काका, आज वार कुठला?"

रिफायनरीतून रिटायर झाल्यापासून श्रीकृष्णरावांना सातही वार सारखेच. "रविवार," ते म्हणाले. होता मंगळवार.

"घराण्यात आणखी कोणाला असं?"

"आमचे दादा देवळातून रोज दुसऱ्याच्याच चपला घालून यायचे," श्रीकृष्णराव अभिमानाने म्हणाले. "त्यातही नव्या."

"म्हणजे घराण्यात आहे." दीप्तीबेनने टिक केली.

कांचनला अवंतीचं लग्न जिना उतरताना दिसायला लागलं. अहल्याबाई तर उठल्याच. "हात धुते," एवढंच म्हणाल्या.

बादलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चावी फिरवली, सवयीने खालून दोन टपल्या मारल्या, आणि विश्वामित्री नदीला पूर यावा तसं पाणी आलं.

कांचन बघतच राहिली. मग अहल्याबाईंनीही स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"मकरपुऱ्याचा फ्लॅट," कांचनने हळूच विचारलं, "हिमतीवरचा ना?"

"हो ना." अहल्याबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "आमच्याकडे तीन माराव्या लागतात."

कांचनने बादली पायाने बाजूला सरकवली.

"आणि व्याह्यांची काळजी करू नका," अहल्याबाईंनी पोह्यांची बशी पुन्हा हातात घेतली. "गेल्या आठवड्यात पाहणीवाली आमच्याकडे आली, तेव्हा आमच्या ह्यांनाही नेमका हाच आजार झाला होता."

"ह्या महिन्यातले हे नववे काका," दीप्तीबेन टॅबवरचं खोडत म्हणाली. "बोला कांचनबेन, मदतीपुढे हो लिहू?"

"लिही," कांचन म्हणाली, "आणि ह्यांना बरं करून टाक."