प्रत्येक कामापुढे तीन नावं

मीरा, चिनू, आपल्या वरच्या मजल्यावरचे दिघे तुम्हाला आठवत असतील. भेटल्यावर नमस्कारही न करता ते विचारतात, "काकू, उद्या तुम्ही नाही उठलात, तो फिर दूध कोण घेईल?" त्यात अशुभ काही नसतं. त्यांचं कामच ते आहे.

विजय नगरातल्या एका ऑफिसची व्यवस्था ते बघतात. कुठे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आल्याची बातमी वाचली की त्यांची फाइल बाहेर निघते. उद्या ही साथ माणसांत आली, निम्मा स्टाफ घरी बसला, तरी काम थांबता कामा नये. म्हणून प्रत्येक कामापुढे तीन नावं: करणारा, तो नसला तर दुसरा, तोही नसला तर तिसरा. खुर्च्यांमधलं अंतर शिंप्याच्या टेपने मोजलेलं. खिडकीतल्या कबुतरांना शेव टाकायला बंदी.

गुरुवारी सराव. त्या सकाळी दिघे कुणालाही 'बीमार' ठरवतात. त्याने घरी राहायचं आणि त्याला कुणी फोन करायचा नाही, हा कडक नियम. एकदा चहावाले रामजी बीमार ठरले, तेव्हा चहा मोठ्या साहेबांना करावा लागला. दुसरा नेमका रजेवर होता आणि तिसरं नाव त्यांचंच होतं. "शक्कर कम थी, सुना मैंने," असं रामजी दुसऱ्या दिवशी त्यांना ऐकवून आले.

मागच्या महिन्यात, नेमका गुरुवारीच, दिघ्यांना खरोखर ताप भरला. "आज मी बीमार," असं त्यांनी ऑफिसला कळवलं. सगळ्यांना तो सराव वाटला. शुक्रवारी वाटलं, दिघ्यांनी सराव वाढवला.

शनिवारी त्यांच्या दाराशी दोन दिवसांचे पेपर दिसले, तेव्हा मी बेल वाजवली. भिंतीला धरून त्यांनी दार उघडलं, आधी मला मास्क लावायला लावला, मग म्हणाले, "एक भी फोन नाही आला, काकू. प्लॅन पास झाला." हसायला गेले आणि खोकलाच आला.

डॉक्टर येऊन गेले. साधा फ्लू होता. मी पाणी आणायला गेले तर फ्रिजवर घरची यादी चिकटवलेली. दूध, कुंड्या, औषधं. सगळीकडे पहिलं नाव दिघे, दुसरं सुलभा. सुलभाला, त्यांच्या बायकोला, जाऊन चार वर्षं झाली. तिसरा रकाना रिकामा.

सुलभाच्या नावाला हात न लावता मी तिसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. दिघे पलंगावरून बघत होते.

"आणि तुम्ही नाही आलात, तो फिर?"

मी त्याखाली तुमच्या आजोबांचं लिहिलं. मग जरा विचार करून तुम्हा दोघांचं, नंबरांसकट.

तेव्हा कधी दिघ्यांचा फोन आला, तर उचला. ते नमस्कार करणार नाहीत.