ऊर्जाबचत आणि शवागारातली बाळंतीण

वीज डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे ती वाचली हेही दिसत नाही. ते वर कळवावं लागतं. कळवलं नाही, तर वाचलेली वीज वाया जाते.

या तत्त्वाला धरून १९८९च्या उन्हाळ्यात परभणी जिल्ह्यातल्या एका लष्करी तळाची ऊर्जाबचतीच्या प्रयोगासाठी निवड झाली. पोखर्णीच्या रस्त्याला, माळावर हा तळ होता. तिथे तंबू, बूट, दोरखंड असा माल साठवलेला असे, आणि त्या मालावर कोणी हल्ला करू नये म्हणून जवान असत. (हल्ला कधीच झाला नाही, यावरून जवानांची गरज सिद्ध होते.) मराठवाड्यात तेव्हा विद्यापीठाला नवं नाव देण्याचा ठराव होऊन दशक उलटलं होतं आणि नाव अजून वाटेतच होतं. त्या मानाने कॉम्प्युटर फार लवकर आला.

तो रेल्वेने परभणी स्टेशनावर उतरला. तिथून त्याला गादीवर निजवून ट्रकने आणलं. सोबत पुण्याहून बन्सीधर कुलथे नावाचे तरुण इंजिनियर आले. ते ट्रकमध्ये उभे होते.

तळावरच्या विजेची सगळी जबाबदारी रेवणसिद्ध आप्पांवर होती. तारा ओढणं, फ्यूज बदलणं, उन्हाळ्यात पंख्यांची आणि पावसाळ्यात माणसांची समजूत काढणं ही त्यांची कामं. आप्पांनी आयुष्यभर वीज हाताळली, पण विजेला शास्त्र असतं असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. कुलथेंनी ते म्हटलं, आणि आप्पा त्या माणसाचे झाले. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर ते स्वतःच्या चपला काढत, आणि तळप्रमुख मेजरसाहेबांच्या बुटांकडे बघत बसत; शेवटी मेजरसाहेबही बूट काढत.

कॉम्प्युटरला उकाडा सोसत नसल्यामुळे त्याच्या खोलीत तळावरचं पहिलं एसी यंत्र बसलं. त्याला तळावरच्या साऱ्या पंख्यांइतकी वीज लागे. परंतु ती हिशेबात धरली नाही. तराजू तोलताना तराजूचं वजन कोणी धरत नाही.

कुलथेंचं काम असं होतं. तळावरची एकेक इमारत ते कॉम्प्युटरला सांगत: भिंती किती जाड, खिडक्या कुठल्या बाजूला, आत माणसं किती. मग कॉम्प्युटर आपल्या पोटात त्या इमारतीची नक्कल उभी करी, तिला मॉडेल म्हणायचं, आणि तिथे वीज कुठे वाया जाते ते सांगे. माणसाबद्दल कॉम्प्युटरचं मत स्पष्ट होतं. माणूस म्हणजे सतत उष्णता सोडणारी, बटण नसलेली वस्तू. खोलीतून जवान काढले तर खोली थंड राहते व पंखा लागत नाही. या शोधानंतर जवानांना बराकीबाहेर कडुलिंबाखाली झोपवण्यात आलं. तिथे ते पूर्वीही झोपतच होते, पण विनापरवाना.

थोडी अडचण चार नंबरच्या बराकीत आली. तिच्या खिडक्या उत्तरेला होत्या; कुलथेंच्या हातून मॉडेलमध्ये दक्षिणेला पडल्या. मॉडेल दुरुस्त करायचं तर पुण्याची मंजुरी हवी होती. बराक दुरुस्त करायला फक्त आश्रुबा गवंडी हवा होता. तो झरी गावचा, बोलावलं की येणारा. त्याने उत्तरेच्या खिडक्या विटांनी बुजवल्या आणि दक्षिणेच्या भिंतीला भोकं पाडली.

"आप्पा, हिकडून तर लय ऊन यायलाय," आश्रुबा म्हणाला.

"येऊ दे. मॉडेलमधी तसंच हाय," आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही शंका नव्हती.

मग एका सकाळी कुलथेंनी आप्पांना आत बोलावलं. बसा म्हणाले. आप्पा त्या खोलीत कधी बसले नव्हते.

"आप्पा, तुमचं क्वार्टर मॉडेलमध्ये नाही."

चूक कुणाचीच नव्हती. इमारती आप्पांनीच एकेक करून सांगितल्या होत्या. स्वतःचं घर आधी सांगणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी ते शेवटी ठेवलं होतं, आणि शेवटी आल्यावर लाईट गेली. लाईट आली तेव्हा कुलथेंनी काम पुरं झालं असं समजून खोलीला कुलूप लावलं होतं.

"मग आता, साहेब?"

"नसलेल्या इमारतीत वीज जाते आहे. मॉडेलच्या दृष्टीने ही सरळ गळती आहे. आणि गळती बंद करणं..." कुलथे थांबले. ते वाईट माणूस नव्हते.

"...माझं काम हाय," आप्पांनी वाक्य पुरं केलं.

दुपारी त्यांनी शिडी आणली आणि स्वतःच्या घराची तार स्वतः तोडली. खाली त्यांची बायको नीलम्मा कमरेवर हात ठेवून उभी होती. घरात लेक महादेवी पहिल्या बाळंतपणाला आली होती; पोरगी जन्मून आठवडाही झाला नव्हता. वर सिमेंटचे पत्रे आणि बाहेर मे महिना.

"आवो, काय करायलाव?"

"आपलं घर कॉम्पुटरमधी न्हाई."

"अन् हे काय हाय मग? आमी कुठं बसलाव, हवेत?"

 आप्पा शिडी उतरले आणि शिडी होती तिथे नेऊन ठेवली. दोन दिवसांत पोरीच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. तिसऱ्या दिवशी तिने दूध ओढणं कमी केलं. महादेवी सुपाने वारा घाली, सूप धरूनच तिचा डोळा लागे. आप्पा ओलं फडकं पिळून खिडकीला बांधत. ते बांधून होईस्तोवर वाळे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, की तार जोडायला काय लागतं? आपलीच शिडी, आपलीच पक्कड. पण हात काही उठेना. शास्त्राच्या विरुद्ध जायचं तर दुसरं शास्त्र लागतं.

शेवटी नीलम्मा उठली. पोरीला पदराखाली घेऊन ती सरळ कॉम्प्युटरच्या खोलीत गेली. चपला तिने काढल्या नाहीत.

"साहेब, हिला जरा तुमच्या मशिनीपाशी ठिवा. तिला गारवा लागतोय म्हंता ना. हिलाबी लागतोय."

कुलथेंनी पोरीकडे पाहिलं. लालभडक झाली होती, रडायचंही तिने सोडलं होतं. त्यांनी तिला एसीच्या झोतासमोरच्या टेबलावर ठेवायला सांगितलं आणि घाईघाईने मॉडेल उघडलं. इमारत वाढवायला मंजुरी लागणार. पण आधीच वाढलेली एखादी असली तर?

होती. पुण्याच्या नमुन्यात प्रत्येक तळाला एक शवागार, म्हणजे मुडदाघर, दिलेलं होतं. या तळावर ते कधीच नव्हतं, कारण या तळावर कधी कोणी मेलं नव्हतं. म्हणजे मॉडेलमध्ये शवागार होतं, ते तळावर नव्हतं. आणि तळावर क्वार्टर होतं, ते मॉडेलमध्ये नव्हतं. दोन चुका एकमेकींची वाट बघत बसल्या होत्या. शवागाराला चोवीस तास वीज होती, एसी होता, आणि लोडशेडिंगच्या वेळी जनरेटरसुद्धा. मृतांच्या बाबतीत शासन कुठेही कमी पडत नाही.

"माझी लेक बाळंतीण हाय," नीलम्मा म्हणाली, "अन् तुमी तिच्या घराला मुडदाघर म्हनता? जिभेला हाड हाय का न्हाई तुमच्या?"

"फक्त नाव, आई. नावाने काय होतंय?"

"नावानं काय व्हतंय ते हितल्या मान्सांना इचारा," ती म्हणाली. मग तिने टेबलावर पाहिलं. झोतासमोर पोरीने मूठ सोडली होती आणि ती तोंड उघडून जांभई देत होती.  "आज बसंल का ती गारव्याची मशीन?" नीलम्माने विचारलं.

मशीन बसलं. दारावर नियमाप्रमाणे पाटी लागली: शवागार. आप्पांनी तार जोडली. शिडी फार हलते म्हणत ते खाली आले. पोर पुन्हा दूध ओढू लागली. दुपारी तळावरच्या साऱ्या बायका मुडदाघरात शेवया करायला येऊ लागल्या.

आप्पा मात्र एक गोष्ट गुपचूप करत. कामावरून आले की पाळण्यात हात घालून नातीच्या पोटावर तळवा ठेवत. मॉडेलप्रमाणे शवागारातल्या माणसातून उष्णता निघत नाही. हिच्यातून निघत असे. ती किती निघते हे कुठेच धरलेलं नाही, याचा त्यांना पहिल्यांदाच आनंद झाला.

जूनच्या तोंडाला तपासणी आली. दिल्लीचे एक वरिष्ठ अधिकारी मॉडेल आणि तळ जुळतात का ते बघणार होते. नेमक्या त्याच सकाळी महादेवीची सासू मालनबाई नात बघायला सेलूहून निघाली. बाळंतविडा, झबलं-टोपडं, डिंकाचे लाडू असं सगळं बोचक्यात होतं. फाटकावरच्या जवानाला तिने विचारलं, "रेवणसिद्ध मिस्तरीचं घर कुठं हाय, बाबा? त्यांची लेक बाळंत झालीय. मी सासू हाय तिची."

जवान शिस्तीचा होता. त्याला पाटीवरचं नाव सांगायचा हुकूम होता. "ती मुडदाघरात हाय," तो म्हणाला. "बाळबी तिथंच ठिवलंय."

मालनबाईने बोचकं टाकलं आणि ती धावत सुटली. पाटीपाशी येऊन ती दारातच बसली आणि तिने असा हंबरडा फोडला, की लिंबावरचे कावळे उठले. "माय गं! माझी सोन्यासारखी सून! तोंडबी न्हाई पाहिलं गं लेकराचं!" शेवया करणाऱ्या बायका बाहेर आल्या. काय झालं ते कळेना, पण एक बाई रडते म्हटल्यावर त्यांनीही पदर डोळ्यांना लावले.

अधिकाऱ्यांची जीप तिथे पोचली ती याच क्षणी. ते खाली उतरले. त्यांनी टोपी काढली, मान खाली घातली आणि ते उभे राहिले. मेजरसाहेब उभे राहिले. कुलथे उभे राहिले. आप्पा रांगेच्या टोकाला उभे राहिले, आणि मनातल्या मनात शिवाला विनवत राहिले, की देवा, आता पोरीला रडू देऊ नको.

पोरगी रडली. भरल्या छातीने, ठणठणीत रडली.

अधिकाऱ्यांनी मान वर केली. "मयताचं मूल?" त्यांनी हळूच विचारलं.

कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. अधिकाऱ्यांचे डोळे पाणावले. आत शिरून पाहणं माणुसकीला धरून नव्हतं. शवागार वापरात आहे व त्याचा दर्जा समाधानकारक आहे, असं त्यांनी सोबतच्या माणसाला सांगितलं आणि ते जीपमध्ये बसले. जीप फाटकाबाहेर गेल्यावर महादेवी दारात आली. सासूने तिच्याकडे पाहिलं, पुन्हा एकदा किंचाळली, आणि मग तिला धरून जी रडली ते रडणं मात्र खरं होतं.

प्रयोग यशस्वी झाला. सर्वांत जास्त बचत शवागारात झाली, कारण तिथल्या रहिवाशांची उष्णता शून्य धरलेली होती. तळाला ढाल मिळाली, कुलथेंना बढती मिळाली. ते जाताना आप्पांच्या पाया पडले. नंतर तळावरच्या इतर कुटुंबांनीही आपापली घरं शवागार करून मागितली. जमेल तितकी करून देण्यात आली. कागदोपत्री तो सबंध तळ हळूहळू वारला आणि फार सुखात राहू लागला.

तुम्हाला हसू आलं असेल. हे वाचताना तुमच्या डोक्यावर पंखा फिरत असेल, तर तुमचंही घर कुठल्यातरी मशिनीत नोंदलेलं आहे, एवढं नक्की. काय म्हणून नोंदलंय, ते विचारायला मात्र जाऊ नका. ते दुरुस्त करतील.