इंदूमावशींचं दीव

थंडी पडली की आमच्या शेजारच्या इंदूमावशी गच्चीवर खुर्ची टाकतात, समोर वाळूनं भरलेलं घमेलं ठेवतात, त्यात मीठ कालवलेलं पाणी ओततात आणि दोन्ही पाय बुडवून बसतात. डोक्यावर पदर, पदरावर बुधवारच्या बाजारातून आणलेली मोठी गोल टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा. मी लग्न होऊन गंगापूर रोडच्या ह्या बिल्डिंगमध्ये नवी नवी आले तेव्हा हे बघितलं आणि मला वाटलं पाय मुरगळलाय, शेकतायत. तसं विचारलं तर म्हणाल्या, "नाय गं, दीवला जायचंय. पायाला वाळूची सवय नको का?"

मी नववीतून शाळा सोडलेली, मला कुठलं ठाऊक दीव. मग मावशींनी खडूनं गच्चीच्या फरशीवर गुजरात काढला, त्याच्या खाली समुद्र काढला आणि समुद्रात एक शेंगदाण्याएवढा ठिपका काढला. ते बेट. त्यांचा भाचा जाऊन आलेला, त्यानं मोबाईलवर फोटो दाखवले. समुद्राचं मावशींना काही नाही वाटलं, पण एका फोटोत वाळूवर बाजा टाकलेल्या आणि त्यावर बायका पाय पसरून झोपलेल्या, ते बघून मात्र त्या गारच झाल्या. "अगं, भर दुपारी! आणि कोणी हाक नाय मारत त्यांना!" हे त्या अजून सांगतात, दरवेळी तेवढ्याच नवलानं.

आता आमची बिल्डिंग आहे ना, तिथं आधी मावशींचा झेंडूचा मळा होता. पहाटे फुलं खुडायची, पाट्या भरायच्या, उजाडायच्या आत बाजार गाठायचा. मळा गेला, त्यांचे मालक वारले, मुलगा बाळू नोकरीसाठी लांब गेला, पण ती पहाटेची जाग काही गेली नाही. म्हणून मावशी आराम शिकतात. "आराम असाच येतो का? हात बसावा लागतो," असं त्यांचं म्हणणं. पण बसल्या की त्यांना कोपऱ्यातला पाला दिसतो, मग गच्ची झाडतात, मग टाकी घासतात, मग दमून खाली येतात आणि म्हणतात, आजचा आराम झाला. शेवटी त्यांनी पदराला खुर्चीच्या हाताशी गाठ मारली, म्हणजे उठताच यायला नको. तेवढ्यात खाली भाजीवाला ओरडला, "मेथीऽऽ", आणि मावशी खुर्चीसकट जिन्यापर्यंत गेल्या. परत येऊन बसल्या आणि स्वतःवरच ओरडल्या, "निवांत म्हणजे निवांत!"

ते दीवचं एक अजून झालं. त्या म्हणायच्या "दीवला जायचंय" आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू यायचं "देवाला जायचंय". खालच्या मजल्यावरच्या काकू लगेच नारळ घेऊन वर आल्या, नातवाची परीक्षा होती. मावशी म्हणाल्या, "अहो देव नाय, दीव! बेट हाय, बेट!" तर काकू म्हणतात, "बेटावरचा असू दे, उलट असे देव लय कडक असतात." मग काय, दर थंडीत मावशींच्या पिशवीत लोकांचे नारळ जमायचे, आणि दर थंडीत मावशी काही जायच्या नाहीत. कधी गुडघा, कधी टाकी गळते, कधी नुसतंच "पुढच्या वर्षी". आणि मग सगळ्या बिल्डिंगला नारळाच्या वड्या. त्यालाही लोक प्रसाद म्हणून हात जोडायचे.

मागच्या वर्षी माझी चिऊ झाली. जन्मल्यावर ती लवकर रडलीच नाही, तिला काचेच्या पेटीत ठेवली होती, मग ठीक झाली आणि डॉक्टर म्हणाले आता काही भीती नाही, घरी न्या. त्यांना नव्हती, मला होती. ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास लागला की हात काढायची, आणि काढला की परत वाटायचं आता थांबला असेल. आमचे हे कंपनीत शिफ्टला, सासूबाई तिकडं चांदवडला, त्यांची कांद्याची लागण चाललेली, माझी आई दोन आठवडे राहून गेलेली. मला झोपच यायची नाही, आली तरी मी घ्यायची नाही, मी आपली ह्या खोलीतून त्या खोलीत. ह्यांना सांगितलं तर हसले, "असं बोट धरून कोण बसतं का?" नर्सबाईपण हसली होती.

एक दिवस मावशी दारात येऊन उभ्या. "काय गं, तुझे पैंजण थांबत का नायत? भिंतीतून ऐकते मी." मी म्हटलं, काही नाही मावशी. त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, चष्मा वर करून. मग म्हणाल्या, "ह्या वर्षी जायचंच. तू बी चल. लेकरू मी धरते, तू वाळूत झोप."

मला तर घाम फुटला. सासूबाईंना काय सांगू, समुद्रावर झोपायला चालले? फोन लावला खरा पण तोंडातून शब्द निघेना, तर मावशींनी तो हातातून ओढूनच घेतला.

"विहीणबाई, तुमच्या सुनेला न् नातीला दीवला नेते."

"कुठं?"

"दीवला हो, दीवला!"

"देवाला? मग विचारता काय, जा की! पहिलं लेकरू हाय, पायावर घाला. आणि माझ्या नावानं एक नारळ फोडा."

मावशींनी तोंड उघडलं, माझ्याकडं बघितलं, तोंड मिटलं. "फोडते," म्हणाल्या.

भाच्यानं तिकिटं काढली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खरीखुरी तिकिटं. बॅगा दाराशी आल्या, मावशींची टोपी सकाळपासून डोक्यावर, बस संध्याकाळची. आणि त्याच सकाळी चिऊ शिंकायला लागली. डॉक्टरांकडं नेली, ते म्हणाले साधी सर्दी आहे, कोवळं ऊन द्या. पण मी ऐकतेय कुठली. रात्रभराची बस, वाटेत काही झालं तर, अंधारात श्वास कसा बघू? मी जिन्यातच बसले आणि रडायला लागले, "मावशी तुम्ही जा, माझ्यापायी नका थांबू, मला नाही जमणार."

मावशींनी टोपीची कड चाचपली. मला वाटलं आता रागावतील, रागवायलाच पाहिजे होतं. त्यांनी भाच्याला फोन लावला, "राहू दे रे," एवढंच म्हणाल्या, बॅग उचलली, आणि जिना उतरायच्या ऐवजी वर चढायला लागल्या.

"चल. ऊन द्या म्हणाले ना डॉक्टर?"

गच्चीवर त्यांनी बाज टाकली. मळ्यात फुलं पसरायला असायचा तो निळा कागद आणून फरशीवर अंथरला. "हा समुद्र." घमेल्यातली वाळू बाजेच्या पायथ्याशी ओतली. "हे दीव. झोप."

"मावशी, चिऊ..."

"माझ्या पायांवर."

"तिचा श्वास बघावा लागतो, मावशी. नाकाखाली बोट धरून." मी म्हणून टाकलं आणि खाली बघितलं, आता ह्यापण हसणार.

मावशींनी दोन्ही हात पुढं केले. "कोणतं बोट? हे का हे?"

मी दाखवलं. त्यांनी तसंच धरलं, मी म्हटलं थोडं खाली, त्यांनी खाली घेतलं. मग दुसऱ्या हातानं माझ्या ओढणीची बाजेला गाठ मारली आणि एवढ्या जोरात ओरडल्या, "निवांत म्हणजे निवांत!" की चिऊ दचकली आणि शेजारच्या टाकीवरची कबुतरं उडाली.

मग मला काही आठवत नाही.

जाग आली तर ऊन भिंतीवर गेलेलं आणि तोंडावर मावशींची टोपी. मी धडपडून उठायला गेले तर ओढणीनं मागं ओढलं. मावशी तशाच बसलेल्या, पाय पसरून, चिऊ पायांवर गाढ, चष्मा काढून ठेवलेला आणि तेच बोट तिच्या नाकाखाली. जरासुद्धा हललेलं नाही.

"मावशी, किती वेळ झाला?"

"दीवला कोणी घड्याळ बघतं का?" मग बोटाकडंच बघत म्हणाल्या, "माझा बाळू इथंच झोळीत असायचा, लिंबाला बांधलेल्या. मी फुलात. लय वाटायचं, कोणी तरी म्हणावं, दे इकडं, तू पड घडीभर." दुसऱ्या हातानं चिऊचं दुपटं सारखं केलं, "आणि आता एकटीनं एवढ्या लांब जाऊन झोपायचं, तर उठल्यावर सांगू कोणाला, झोप लागली म्हणून?"

मी ओढणीची गाठ सोडली आणि त्यांना बाजेवर हात धरून आणलं, त्यांचे पाय पार बधिर झाले होते, वाळूत टेकवले तर म्हणाल्या, "कळतच नाय गं काही." मी चिऊला घेतलं. मावशी आडव्या झाल्या, लगेच उठल्या, पिशवीतला सासूबाईंच्या नावाचा नारळ काढला. "शब्द दिलाय मी त्यांना." आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाई.

"काय गं, आज ना देवाला? पोचल्या का?"

मागं मावशींनी कठड्यावर नारळ आपटला, फाट्कन आवाज झाला.

"माझाच का तो?"

"हो आई, तुमचाच."

"आणि दर्शन?"

मावशी खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडाशी धरून उभ्या होत्या, हात सगळा नारळाच्या पाण्यानं ओला.

"झालं आई," मी म्हटलं. "अगदी जवळून झालं."